मठातल्या आणि गल्लीतल्या

डॉक्टर बार्दालेस यांनी त्या सकाळी फोनवर तिला ‘डॉक्तोरा’ न म्हणता ‘दोन्या एदेल्मीरा’ म्हटले, आणि एवढ्यावरून, हातातली कॉफी पार निवेपर्यंत, एदेल्मीरा तनान्ता ओट्याशी उभी राहिली. ‘दोन्या’त गैर काही नव्हते. इकितोस शहरात कुठल्याही पोक्त बाईला तसेच म्हणतात. मासळीवालीला म्हणतात, पाद्र्याच्या आईला म्हणतात. शब्द सभ्य होता आणि नेमके तेच खुपले. प्रयोगशाळेचा हा संचालक तिला वर्षानुवर्षे जिन्यात, सभांत, एकदा तर तिच्या आईच्या शवपेटीपाशीसुद्धा डॉक्तोराच म्हणत आला होता. माणसाच्या अंगावरची पदवी अशी अलगद उतरवून घेतात ती शिक्षा म्हणून नव्हे. पदवीधराला जे सांगता येत नाही ते सांगायचे असते म्हणून. न्हाव्याने वस्तरा टेकवण्याआधी कॉलर दुमडावी, तसे.

“दोन्या एदेल्मीरा, संध्याकाळी चॅनेलवाले येतायत, तुमच्याच गल्लीत. पिंजऱ्यांत आपल्या घरच्याच भरा. गल्लीतल्या नकोत उगाच.”

“घरच्या म्हणजे मठातल्या?”

“तुम्ही लोक काय नावं ठेवता ते तुम्हालाच ठाऊक. ज्या मरतात त्या.”

“बरं,” ती म्हणाली.

“नव्या यंत्रांचा पहिला दिवस आहे. लोकांना दिसलं पाहिजे. उद्या लिमाच्या मंत्रालयातून कुणी विचारलं की डास मरतच नाहीत तर डासघर पोसायचं कशाला, तर मी काय सांगू?”

ते ‘बरं’ तिने आयुष्यभर वापरून गुळगुळीत केले होते, रोज ओलांडलेल्या उंबऱ्यासारखे. त्याचा अर्थ होकार नव्हता, नकारही नव्हता. फोन ठेवता यावा एवढाच त्याचा उपयोग. फोन ठेवल्यावर मात्र तिच्या लक्षात आले की आपल्याला राग आलेला नाही. राग हवा होता. त्याच्या जागी एक थंड, स्वच्छ, धुऊन पालथ्या घातलेल्या काचेच्या बाटलीसारखी पोकळी होती, आणि त्या पोकळीत ‘ज्या मरतात त्या’ हे शब्द एखाद्या लोकगीताच्या ध्रुवपदासारखे घुमत होते.

ज्या मरतात त्या. डासघराच्या आतल्या खोलीत, दुहेरी दारापलीकडे, एक घराणे पिढ्यान्‌पिढ्या जाळीत वाढत होते. त्यांची मूळ आजी या विषांचा जन्मही झाला नव्हता त्या काळात कुणीतरी पकडलेली. तेव्हापासून त्या कुळाने ना धूर पाहिला, ना फवारा, ना पाण्याच्या पिंपात टाकायची औषधाची पुडी. साखरपाण्यावर वाढलेल्या, जगाचे वारे न लागलेल्या त्या माद्यांना डासघरातली माणसे मठातल्या म्हणत. विषाचा नुसता वास लागला की उताण्या. शास्त्रात त्यांना काम एकच: मरून दाखवणे. त्या मेल्या म्हणजे औषध अस्सल आहे हे कळते. मग शेजारच्या बाटलीत गल्लीतून आणलेल्या सोडायच्या आणि त्या मरतात का ते पाहायचे. गल्लीतल्या अलीकडे मरत नसत. थोड्या झिंगत, भिंतीवरून घसरत, पाय झाडत, आणि मग एखाद्या अट्टल दारुड्याने घराचा रस्ता बरोबर शोधावा तशा उठून उडू लागत.

यात गूढ काही नव्हते. शहर वर्षानुवर्षे डासांची प्रवेश परीक्षा घेत आले होते. दर पावसाळ्यात धूर सोडायचा, नापासांना मारायचे आणि उत्तीर्णांना शहर आंदण द्यायचे; त्यांची पोरे पुढच्या परीक्षेला बसायची, तीही त्याच प्रश्नपत्रिकेला. मग कधीतरी गुणवत्ता यादी लागली की मंत्रालयाला आश्चर्य वाटायचे, आणि आश्चर्य ओसरले की आणखी मोठी यंत्रे यायची. तिने हे लिहून पाठवले होते. निष्कर्ष रोचक आहेत, असे उत्तर आले होते. जगातल्या सगळ्या ग्रंथालयांत मिळून माणसाने अज्ञानाविषयी जेवढे लिहून ठेवले आहे, त्यात तिला एका गोष्टीचा उल्लेख फारसा सापडला नव्हता: सत्य दडपण्यासाठी ते नाकारावे लागत नाही, त्याला रोचक म्हटले की पुरते.

डासघरात पोहोचल्यावर तिने नेहमीप्रमाणे आधी डावी बाही कोपरापर्यंत दुमडली. मठातल्यांना रक्त लागे आणि रक्त पाजण्याचे यंत्र कधीचे बिघडून पडले होते; म्हणून जाळीच्या कापडी नळीतून ती आपला हात आत घाली. सुरुवातीची काही वर्षे हात सुजे, लाल होई, झोपेत ती तो ओरबाडत असे. मग शरीराने तक्रार करणे सोडले. आता नुसता एक बारीक भार जाणवे, जाणवला असे वाटेपर्यंत संपणारा. सेल्सो नावाचा एक माणूस लिमात शिकत असताना तिच्या आयुष्यात होता. झुरळांचा अभ्यास करायचा, हसताना तोंडावर हात धरायचा. ब्राझीलला जाताना त्याने तिला ‘चल’ म्हटले नव्हते आणि तिने त्याला ‘थांब’ म्हटले नव्हते. आपण सभ्यपणे वागलो असे दोघांनाही वाटत राहिले. त्याच्या बोटांचा स्पर्श आठवायचा तिने कधी प्रयत्न केला तर जाळीतल्या या दुपारीच आठवत. तिला कुणीतरी रोज न चुकता शिवते, असे आता एवढेच उरले होते. आणि त्या शिवण्यामागे भूक होती, ढोंग नव्हते, म्हणून तिला त्याचा तिटकारा कधी आला नाही.

बाही खाली करून ती बाहेरच्या खोलीत गेली. तिथे गल्लीतल्या होत्या: तिच्याच घरामागे, शेजारच्या ओर्फाच्या परसात, दोन वागनेरच्या (बाईला दोन्या, तसे बुवाला दोन) नारळाखाली पाण्याच्या डब्यांत कापडाच्या पट्ट्या ठेवून मिळवलेल्या अंड्यांतून निघालेल्या. पिंजरे चार होते, ओंजळीत मावतील एवढे. काचेच्या नळीने ओढून ओढून तिने चारही पिंजरे भरले. गल्लीतल्यांनी.

हे तिने डॉक्टर बार्दालेसविरुद्ध केले असे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. तिच्या डोळ्यांसमोर मिला होती. मिला ही शेजारच्या ओर्फा रिकोपाची नात. आई लिमात लोकांच्या घरी काम करते, पोर आजीजवळ. गेल्या पावसाळ्यात तिला डेंगी झाला आणि ओर्फाने इस्पितळाच्या जमिनीवर पुठ्ठा अंथरून रात्री काढल्या. पोर वाचली. तेव्हाच एदेल्मीराने ओर्फाला समजावले होते की हा ताप दुसऱ्या जातीचा पुन्हा आला तर पहिल्याहून वाईट असू शकतो. पोरीला दिवसासुद्धा मच्छरदाणीत निजव, पिंप झाकत जा, आतून घासत जा. ओर्फा थोडे दिवस ऐकत होती. मग नव्या यंत्रांची बातमी आली.

“आता धूर येतोय ना, न्यान्या,” ती म्हणाली होती. ओर्फा तिला न्यान्या म्हणे, तिथे बहिणीला म्हणतात तसे. “मग ती मच्छरदाणी कशाला? पोर आत उकडते, बाई. कोंबडी वाफवल्यासारखी होते. आणि पिंप घासून घासून माझी कंबर गेली.”

“धुरानं मरत नाहीत ते आता.”

“तूच डास पाळतेस आणि तूच म्हणतेस मरत नाहीत. मरतील गं. सरकार एवढं यंत्र आणतंय ते काय उगाच?”

शब्दांनी होणार नव्हते. एदेल्मीराने आयुष्यात शब्दांवर जेवढा विश्वास टाकला होता तेवढा माणसांवर टाकला असता तर कदाचित आज घरात दोन माणसे असती. पण शब्दांनी होणार नव्हते हे तिला कळत होते. ओर्फाच्या हातात पिंजरा असावा, आत धूर पिऊन उठलेल्या माद्या उडत असाव्यात, आणि ओर्फाने ते आपल्या डोळ्यांनी पाहावे. म्हणजे संध्याकाळी मच्छरदाणी टांगली जाईल. एवढेच. बाकी जगाने काय करायचे ते करावे.

चारच्या सुमारास गल्ली रस्त्यावर आली. धुराच्या दिवशी येते तशी: प्लास्टिकच्या खुर्च्या, झाकलेली पातेली, उलटी टोपली घातलेल्या कोंबड्या, तसबिरीतली कुमारी मेरी, एका घरचा टीव्हीसुद्धा चादरीत गुंडाळून मांडीवर. दोन वागनेरने आपल्या पोपटाला खांद्यावर आणले होते. हा म्हातारा पूर्वी नदीवरच्या बोटींचा सुकाणू धरायचा आणि अजूनही रस्ता ओलांडताना डावी-उजवीकडे न पाहता लांब क्षितिजाकडे बघायचा. कोपऱ्यावरची दुकानदार तेओलिंदा शीतपेटीची किल्ली गळ्यात अडकवून बसली होती. या दोघांच्या आणि ओर्फाच्या घरी, आणि चौथा एदेल्मीराच्या घरी, फवारणीच्या माणसांनी आढ्याला पिंजरे टांगले, दारे-खिडक्या लावून घेतल्या, आणि पाठीवरची यंत्रे गुरगुरू लागली.

“बाहेर या! बाहेर या!” पोपट ओरडला.

“गप, मेल्या,” दोन वागनेर म्हणाला. “बाहेरच आहोत. डॉक्तोरा, याला धुराचं पाठ झालंय बघा. गेल्या वर्षी बायको गेली तेव्हासुद्धा हा शवपेटीला तेच सांगत होता.”

“आली असती तर तूच पळाला असतास,” तेओलिंदा म्हणाली. “बारा बंदरांवरच्या घरांचा हिशेब तिला कोण देणार होतं?”

“बंदरं काढू नकोस. तू दुकानात पाणी घातलेला केळ्यांचा चापो विकतेस ते मी काढलंय का कधी?”

सगळे हसले. एदेल्मीराही हसली, क्षणभर उशिरा. तिचे हसणे नेहमी असे पुढच्या बोटीने येई. तिला या माणसांत बसायला आवडे आणि बसल्यावर उठून जावेसे वाटे. तिची खुर्ची ओळीत होती, पण दोन्ही बाजूंना जराशी जागा सुटलेली होती. कुणी मुद्दाम सोडलेली नव्हे, आदराने आपोआप सुटते ती. मिला मात्र ती जागा जुमानत नसे. ती आली आणि एदेल्मीराच्या गुडघ्याला टेकून अग्वाहेचे फळ दातांनी सोलू लागली. तिच्या पोटरीवर दोन ताजे लाल ठिपके होते. एदेल्मीराने ते पाहिले आणि नजर रस्त्याच्या टोकाशी थांबलेल्या डॉक्टर बार्दालेस यांच्या पांढऱ्या गाडीकडे वळवली. तिथे चॅनेलची एक मुलगी त्यांच्या कॉलरला माइक लावत होती.

फटींतून धूर येऊ लागला. गोड, रॉकेलसारखा, मागे कुठेतरी बदामाचा. त्या वासाने ती नेहमी लहानपणच्या नदीकाठच्या घरात जाई, जिथे टोप्या घातलेली माणसे एकदा हिवतापासाठी भिंती फवारायला आली होती. ते औषध दुसरे होते, भिंतीवर पांढरा साका धरायचे. आईने त्या माणसांसाठी कोंबडी कापली होती. सरकार दारात आले की कोंबडी कापायची, ही आईची एकमेव राजकीय भूमिका होती. एदेल्मीराने भिंतीवरच्या पांढऱ्यात बोटाने मासा काढला आणि आईने तिचा हात राखेने खरवडून धुतला. पुढे मांजर मेले. मग उंदीर वाढले. मग हिवताप कमी झाला, खरोखरच कमी झाला, आणि त्या माणसांपैकी एकाने आईला सांगितले की आता हा रोग तुमच्या नातवंडांना गोष्टीतच ऐकायला मिळेल. नातवंडे झाली नाहीत. रोग परत आला. त्या माणसाच्या स्वरातली खात्री तिला अजून ऐकू येई. पुढे पुस्तकांतून, व्याख्यानांतून, विषांच्या प्रत्येक नव्या नावामागून तोच स्वर तिला भेटत गेला. तो माणूस खोटे बोलत नव्हता. खोटे बोलणाऱ्यांशी वाद घालता येतो. खात्री असलेल्यांना फक्त पुरता येते, आणि तोवर त्यांचे शिष्य तयार झालेले असतात.

“न्यान्या, घाबरू नकोस,” ओर्फा खुर्ची ओढून जवळ आली आणि हळूच म्हणाली.

“कशाला घाबरू?”

“कळलंय आम्हाला. बार्दालेसचा ड्रायव्हर तेओलिंदाकडे कोला प्यायला आला होता. म्हणाला, आज डॉक्तोराची परीक्षा आहे, डास मेले नाहीत तर तिचं खातं बंद.” तिने एदेल्मीराच्या मांडीवर हात ठेवला. तो हात कपडे धुऊन धुऊन खरखरीत झालेला, उबदार होता. “इस्पितळात माझ्याबरोबर पुठ्ठ्यावर कोण बसलं होतं? तू. मी विसरले नाहीये.”

एदेल्मीराला काहीतरी म्हणायचे होते. उलट आहे, ओर्फा, मरायला नकोत. पण मांडीवरच्या हाताचे वजन एवढे अनपेक्षित होते की सगळी भाषा त्याखाली दबून गेली. पुस्तकांत अशा क्षणांना बरीच जागा दिलेली असते. इथे तो सरकलाही. ओर्फा उठून कोंबड्यांना हाकायला गेली, आणि मांडीवर एक कोमट चौकोन तेवढा राहिला.

तासाभराने यंत्रवाल्यांनी शिट्टी दिली. आता घरोघरच्या माणसांनी आत जायचे, खिडक्या उघडायच्या आणि पिंजरा आपल्या हातांनी बाहेर आणायचा, अशी या गल्लीची रीत होती. कचेरीने हातचलाखी केली असे कुणी म्हणू नये म्हणून फार पूर्वी एदेल्मीरानेच ती घालून दिली होती. तिघे आत गेले. डॉक्टर बार्दालेस मधोमध येऊन उभे राहिले. त्यांनी तिच्याकडे पाहून मान हलवली, समजूतदार विद्यार्थ्याकडे पाहून हलवतात तशी. त्यांच्या मते पिंजऱ्यांत मठातल्या होत्या.

लोकांना आत जरा वेळ लागतोय असे तिला वाटले. खिडक्या उघडत असतील. कुठेतरी पाणी ओतल्याचा आवाज आला. कुठेतरी शीतपेटीचे झाकण धपकन लागले. तिचे हृदय विचित्रपणे हलके झाले होते. किती तरी वर्षांत प्रथमच तिला एखाद्या गोष्टीचा शेवट पाहायची घाई झाली होती. आता ओर्फा बाहेर येईल. चेहरा पडलेला असेल, कदाचित रागावलेलाही. ‘हे काय गं, उडतायत की हे!’ म्हणेल. तेवढे पुरे.

ओर्फा बाहेर आली ती हसत. पिंजरा तिने डोक्यावर धरला होता, बाजारात मोठा मासा मिळावा तसा. “सगळे मेले!” ती ओरडली. “एकूण एक!” गल्लीने टाळ्या वाजवल्या, कॅमेरा पुढे सरसावला. तेओलिंदा आली, मागून दोन वागनेर, पोपटासह. मेले, मेले. पिंजरे एदेल्मीराच्या हातांत दिले गेले, एकावर एक, बक्षिसांसारखे.

पहिला पिंजरा टपकत होता. जाळीला पाण्याचे थेंब, तळाशी साबणाचा फेस, त्यात चिकटलेल्या माद्या. दुसरा बर्फासारखा गार. तिसऱ्याला उसाच्या दारूचा असा दर्प येत होता की पोपट मान वळवून बसला होता. ती ते वाचत गेली; तिला वाचण्याखेरीज दुसरे काही येत नव्हते. पुरावा इतका स्पष्ट होता की एखाद्या दयाळू परीक्षकाने उत्तरेच समोर ठेवली असावीत.

ओर्फाने तिला मिठी मारण्याच्या निमित्ताने कानाशी तोंड आणले. “जिवंत होते, मेले! सगळे उडत होते. मी पिंजरा तसाच धुण्याच्या हौदात बुडवला आणि वर फळी ठेवली. तेओलिंदाला आणि म्हाताऱ्यालाही आधीच सांगून ठेवलं होतं. कुणाला कळणार नाही. झालीस बघ पास!”

तर ओर्फाने पाहिले होते. जे दाखवायचे होते ते तिने अगदी स्वच्छ, आपल्या डोळ्यांनी, आपल्या घरात पाहिले होते, आणि ते तिने प्रेमाने बुडवले होते. एदेल्मीराच्या मनात आयुष्यभर जो शत्रू होता त्याला चेहरा होता, टाय होता, माइक होता. याला खरखरीत उबदार हात होते. त्याच्याशी कसे लढायचे याचे एकही पान तिने वाचलेले नव्हते.

“चौथा राहिला,” चॅनेलची मुलगी म्हणाली. “डॉक्तोरांच्या घरचा.”

ती स्वतःच्या घराकडे गेली. कुलूप काढले. तिच्या घरात धूर शांतपणे उभा होता, कुणी बोलवायची वाट पाहत असल्यासारखा. इथे कुणी तिच्याआधी आले नव्हते; येणारे कुणी नव्हतेच. आढ्याखाली पिंजरा होता, कोरडा, उबदार, फक्त औषधाच्याच वासाचा. आत माद्या जाळीवर चढत होत्या, घसरत होत्या, पुन्हा चढत होत्या. काही उडत होत्या. एकीने सोंड जाळीबाहेर काढून हवा चाचपली. सगळ्या गल्लीत जिथे कुणाचे प्रेम पोहोचू शकले नाही, अशा या एकाच घरात खरे काय ते शिल्लक राहिले होते.

ती पिंजरा घेऊन उन्हात आली आणि कॅमेऱ्यासमोर धरला.

“हे जिवंत आहेत,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून चढा आला. “हे याच गल्लीतले आहेत. चारही पिंजऱ्यांत गल्लीतलेच होते. यांना धुरानं काही होत नाही. पिंपं घासा, मच्छरदाणी लावा. धुराच्या भरवशावर राहू नका.”

डॉक्टर बार्दालेस यांनी पिंजऱ्यातल्या हालचालीकडे पाहिले आणि मग तिच्याकडे. तिने काय केले आहे ते त्यांना त्या क्षणी पूर्ण कळले; आणि जे कळले त्याचा एक कणही त्यांच्या चेहऱ्यावर आला नाही. तीन मेलेले पिंजरे कुठून आले हे मात्र त्यांना कळायचे कारण नव्हते, आणि देवाने दिलेल्या भेटीची ते चौकशी करणाऱ्यांतले नव्हते.

“तीन घरांत मेलेले, एका घरात जिवंत,” ते माइककडे तोंड करून म्हणाले. “म्हणजे काय? म्हणजे त्या एका घरात धूर नीट पोहोचला नाही. डॉक्तोरा एकट्याच राहतात, पुस्तकं फार आहेत, धूर पुस्तकांतच अडकला असेल.”

लोक हसले. सुटकेचे, मायेचे हसणे होते ते.

“ओर्फा,” एदेल्मीरा म्हणाली. “तू पाहिलंस. सांग यांना. तुझ्या घरी पिंजऱ्यात काय चाललं होतं ते सांग.”

ओर्फाने तिच्याकडे पाहिले. त्या डोळ्यांत गोंधळ होता, आणि त्याखाली, गोंधळाहून कितीतरी जुनी, निष्ठा. मैत्रीण घाबरली आहे, काहीतरी बरळते आहे, तिला सावरले पाहिजे. ओर्फा कॅमेऱ्याकडे वळली आणि तिने छातीवर हात ठेवला.

“माझ्या घरी तर, साहेब, धूर शिरल्या शिरल्या टपाटपा पडले. देवाशपथ. डॉक्तोराचं काम चोख आहे. हिच्याइतकं डासांचं कुणाला कळत नाही.”

एदेल्मीराच्या ओठांवर पुढचे वाक्य आले होते. हौदात बघा, फळीखाली साबणाचे पाणी अजून असेल. एवढे बोलले असते तर कॅमेरा आत गेला असता, ओर्फा सगळ्या शहरासमोर खोटारडी ठरली असती, आणि मिलाच्या खाटेवर कदाचित आज मच्छरदाणी टांगली गेली असती. की नसती? अपमान झालेली माणसे मच्छरदाण्या टांगतात, असा काही पुरावा तिच्यापाशी नव्हता. ती पुरावा शोधत उभी राहिली. तेवढ्यात कॅमेरा वळला. वाक्य ओठांवरच सुकले, आणि आपण ते दयेने गिळले की भीतीने, हे तिला, इतके वाचून, ठरवता येईना.

“डॉक्तोरांचं घर पुन्हा एकदा करून घ्या रे,” डॉक्टर बार्दालेस यंत्रवाल्यांना म्हणाले. पदवी परत मिळाली होती.

गाडी गेली. गल्ली उठली. खुर्च्या, पातेली, कोंबड्या, कुमारी मेरी, चादरीतला टीव्ही, सगळे एकेका दारातून आत गेले. दोन वागनेरने जाताना तिला टोपी काढून सलाम केला. यंत्र तिच्या घरात पुन्हा गुरगुरू लागले, आणि तिला पुन्हा तासभर बाहेर बसणे भाग होते. आता ती एकटीच. ओर्फा मिलाला कडेवर घेऊन शेवटी निघाली, थांबली, आणि लटक्या रागाने म्हणाली, “आधी सांगायचं नाही का गं मला? किल्ली दिली असतीस तर तुझापण बुडवला असता.”

“मच्छरदाणी लाव, ओर्फा.”

“अगं, आत्ताच तर धूर झाला! आज तरी निजू दे पोरीला मोकळ्या हवेत.”

दार लागले. पत्र्यांवरचे ऊन विटकरी झाले. मोकळ्या रस्त्यावर एकच खुर्ची राहिली, आणि खुर्चीवर ती, मांडीवरच्या पिंजऱ्यात धडपडणाऱ्या जिवांसह. भिंतीपलीकडे ओर्फा मिलाला जेवायला वाढत होती. चमच्याचा आवाज आला, पोरीचे काहीतरी सांगणे आले. मग तळहात कातडीवर फट्कन बसल्याचा आवाज आला, आणि मिलाचे हसणे. एदेल्मीरा ऐकत राहिली. थोड्या वेळाने आवाज पुन्हा आला. या खेपेला कुणी हसले नाही.